पहिली वाटी

“सोपाना, धर वाटी. मान्सं खोळंबल्यात,” नाना म्हणाला.

मी नंदीमागच्या पायरीवर पोट धरून बसलो होतो. महाशिवरात्रीचं ऊन देवळाच्या ओसरीवर चढलं होतं आणि उंबरखडीची सगळी माणसं, माहेरवाशिणींसकट, दोन रांगांत उभी होती. नानाच्या हातात काशाची वाटी. काठाला झिजून पात्यासारखी झालेली, आमच्या पणजोबाच्या पणजोबाच्या हातची म्हणतात ती. वाटीत हिरवट दुधाळ भांग.

“पोटात कळ येतीय रं नाना. पहाटेपासनं.”

“आता? मानाच्या टायमाला?”

“उभंच राहवत न्हाई.”

आमच्या महादेवाची रीत अशी. भांग पिंडीला दाखवायची, मग मानकर्‍यानं नंदीकडे तोंड करून पहिली वाटी घ्यायची. एका दमात, खाली न टेकवता. ती रिकामी झाल्याशिवाय गावाला पळीभरसुद्धा प्रसाद मिळत नाही. मान आमच्या भावकीतल्या दोन घरांचा, एका वर्षी नानाच्या थोरल्या घराचा, एका वर्षी माझ्या धाकट्या घराचा. त्या वर्षी माझा होता.

दोन्ही घरच्या बाया मात्र दर वर्षी मिळूनच वाटण करायच्या. त्या सकाळीही देवळामागच्या पाट्यावर माझी बायको सुलन पानं निवडत होती आणि गजरावहिनी वरवंटा ओढत होती. मिरे, बडीशेप, खसखस आणि भांगेची पानं. वहिनीचा आवाज दळणाच्या घरघरीतूनही ओळखू यायचा:

*हिरवी वाटिते पानं, मिरं घालिते मोजून*
*पहिली देवाजीची, दुसरी दिराची गाळून*

नानाच्या वर्षी ती ‘दिराची’ऐवजी ‘धन्याची’ म्हणायची आणि बाया हसायच्या. त्या दिवशी दीर म्हणजे मी. गाणं माझ्या कानांवर येत होतं आणि मी पोटावरचा हात काढत नव्हतो.

नाना माझ्याजवळ येऊन उकिडवा बसला. वाटी दोन्ही हातांत, थेंब सांडू न देता. “मी घीन रं. देवाला काय, दोनी घरं त्येचीच. पण माझं नाव तुज्या वहीत न्हाई औंदा. उद्यापास्नं माझी क्रेन हाय.”

वहीचं सांगायला हवं. नाना, म्हणजे माझा चुलतभाऊ हणमंत, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. अकरा कोसांवरच्या एका कारखान्यात, लोखंड ओततात त्या फाउंड्रीत, सव्वीस वर्षं क्रेन चालवत होता. मी त्याच कारखान्याच्या दवाखान्यात कंपाउंडर. मला तिथं लावलं नानानंच. साहेबाच्या दारात चार दिवस उभा राहिला होता तो माझ्यासाठी.

दीड वर्षापूर्वी परदेशातल्या एका मोठ्या गिर्‍हाइकाच्या सांगण्यावरून कारखान्यात पट्टी आली होती. न सांगता एखाद्या दिवशी सगळ्यांची लघवी तपासायची. साहेबापासून झाडूवाल्यापर्यंत, दवाखान्यातल्या माणसालासुद्धा सूट नाही. दारू, गांजा, भांग, सगळं पट्टीवर दिसायचं. दुसरी रेघ उठली तर माणूस स्वच्छ. रेघ उठली नाही तर गेला. त्यावर युनियनचे मोकाशी मॅनेजरशी तीन महिने भांडले. सुट्टीच्या दिवशी, आपल्या गावात, आपल्या देवापुढं माणसानं काय घेतलं त्यात कंपनीनं नाक खुपसू नये, असं त्यांचं म्हणणं. शेवटी एक कलम निघालं. ज्याच्या घरी अशी रीत असेल त्यानं घेण्याआधी दवाखान्यात सांगायचं. वहीत नाव, डॉक्टर मॅडमची सही, हातात चिठ्ठी. पुढचे सात दिवस त्याला क्रेन नाही, भट्टी नाही. हलकं काम, पगार पूर्ण, आणि त्या सात दिवसांतली पट्टी धरायची नाही.

दीड वर्षात वहीत दोनच नावं आली होती. त्यातलं एक नानाचं, गेल्या शिवरात्रीचं. सात दिवस तो साच्यांच्या खात्यात झाडू मारत होता आणि पोरं त्याला बघून “बम भोले” करत होती. नाना हसून झाडू खांद्यावर त्रिशूळासारखा धरायचा.

ती वही माझ्या टेबलाच्या खणात असायची. लिहायचो मीच.

“मी हाय नव्हं,” मी म्हणालो. “उद्या गेल्या गेल्या पयलं काम त्येच.”

“तारीख मागली टाकाय लागंल. लबाडी नगं.”

“लबाडी कसली? तू मला आत्ता सांगतूयास. प्यायच्या आदी. आदी सांगायचं, येवढाच नेम हाय.”

नानानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. “मंग सांगितलं बघ तुला. सोपान कंपौंडर, मी आज भांग घेतूय. लिवून घे.” आणि हसला.

उठला, नंदीकडे तोंड केलं, आणि वाटी लावली ती रिकामी करूनच उतरवली. गळ्याची घाटी चार वेळा हलली. माणसांनी हरहर केलं. पाट्यावरचं गाणं थांबलं होतं. गजरावहिनी हात पुसत ओसरीपर्यंत आली, आधी नानाकडे, मग माझ्याकडे बघितलं.

“भाऊजी, लई दुखतंय का? ववा देऊ?”

“थांबंल आपसूक,” मी म्हणालो.

ती शिवरात्र सोमवारची. मंगळवारी नानानं स्वतःच्या हक्काची रजा टाकली. अंगात भांग असताना वर चढायचं नाही, हे त्याला कुणी कलम लावून शिकवलेलं नव्हतं. त्याच्या क्रेनखालून वितळलेल्या लोखंडाची वीस टनी बादली जायची आणि खाली माणसं असायची. सव्वीस वर्षांत त्यानं कुणाच्या टोपीला धक्का लावला नव्हता.

मंगळवारी मी दवाखान्यात गेलो. खण उघडला. वही काढली. तारीख, नाव, खातं, आणि चौथा रकाना: ‘प्रथा काय व मान कोणाचा’. मी पेनचं टोपण काढून बसलो होतो तेवढ्यात सबनीस मॅडम आल्या. आमच्या डॉक्टर. स्वभावानं चांगली बाई, पण नजर बारीक.

“सोपानराव, शुक्रवारी तुमचा इंटरव्ह्यू, लक्षात आहे ना? सुरक्षा सहायकाच्या जागेसाठी मी तुमचंच नाव पुढं केलंय. मॅनेजरसाहेबांना म्हटलं, असा निर्व्यसनी माणूस दुसरा मिळायचा नाही.”

“आपली कृपा, मॅडम.”

“ती वही कशाला काढलीय? कुणी नाव दिलं का?”

“न्हाई... पुसून ठेवत होतो. धूळ बसलीय.”

मी खरंच रुमालानं वही पुसली आणि खणात ठेवली.

बुधवारी सकाळी पावणेसातला नाना दवाखान्याच्या दारात उभा. डबा खांद्याला, अंघोळ करून केस चापून बसवलेले.

“चिठ्ठी दे रं.”

“मॅडमची सही र्‍हायलीय नाना. दुपारी देतो.”

“मंग तवर कुठं बसू? झाडू घिऊ का?”

“झाडू घेतलास तर मुकादम चिठ्ठी मागंल. तू जा तुझ्या कामावर. दोन रोज झालं, उतरली असंल की सगळी.”

“उतरली तर कवाच. मंगळवारी सकाळीच डोकं सोच्छ.” तो घुटमळला. “पर पट्टी?”

“पट्टी बहुतेक म्हैनाअखेरीला असती. आज कोण करतंय?”

नाना गेला. थोड्या वेळानं खिडकीतून त्याची पाठ दिसली, शिडी चढताना. एका पायरीवर थांबून त्यानं चप्पल झटकली, नेहमीसारखी, आणि वर गेला.

अकरा वाजता फोन आला. गिर्‍हाइकाची माणसं पुढच्या आठवड्याऐवजी दुसर्‍या दिवशी येणार होती. फाउंड्रीची पट्टी आजच.

मी डब्या मांडल्या. नावांच्या चिकटपट्ट्या लावल्या. नानानं स्वतःची डबी आणून माझ्या हातात दिली तेव्हा ती कोमट होती. त्याच्या पाठीमागे सातजण उभे होते म्हणून त्यानं फक्त भुवया उंचावल्या. मी मान हलवली. कसली मान हलवली ते मला आजही सांगता येणार नाही.

पाच मिनिटं लागतात. पहिली रेघ उठली, लाल, नेहमीची. दुसरी रेघ यायची जागा पांढरी. मी पट्टी खिडकीच्या उजेडात धरली, तिरकी धरली, एक डोळा मिटून पाहिली. लहानपणी चतुर्थीला ढगांत चंद्र शोधायचो, नाना मला खांद्यावर घ्यायचा आणि विचारायचा, “दिसला का रं?” तसा मी तिथं एखादी फिकट रेघ शोधत होतो. मॅडम मागून आल्या.

“कुणाची?”

मी डबी फिरवून नाव दाखवलं.

“अरे देवा,” मॅडम म्हणाल्या. “वही बघा. गेल्या वर्षी यांचं नाव होतं ना?”

मी खण उघडला. वही त्यांच्या हातात दिली. त्यांनी पानं उलटली. “यंदा दिलेलं नाही.”

“न्हाई,” मी म्हणालो.

त्या एका शब्दानंतर परतीची वाट तशी होती. संध्याकाळपर्यंत होती. शुक्रवारपर्यंतसुद्धा होती. शुक्रवारी इंटरव्ह्यू झाला आणि मी निवडलो गेलो.

चौकशी तीन आठवड्यांनी बसली, कँटीनवरच्या लांब खोलीत. कंपनीनं बाहेरून इंगवले वकील नेमले होते. एका बाजूला मॅडम, दुसरीकडे नाना आणि त्याच्या वतीनं मोकाशी. नानानं लग्नातला पांढरा सदरा घातला होता. निलंबनात दाढी वाढली होती, ती पांढरी निघाली हे मला तेव्हा कळलं.

मोकाशींनी चांगलं मांडलं. “साहेब, ही पट्टी माणूस आज नशेत आहे का ते सांगत नाही. परवा त्यानं काय घेतलं एवढंच सांगते. त्या सोमवारी तो गावात होता, देवळात होता, सुट्टीवर होता. मंगळवारी स्वतःची रजा घालून घरी बसला. कामावर आला तेव्हा मुकादमानं त्याला बघितलंय, काही तक्रार नाही.”

“ते मान्य,” इंगवले म्हणाले. माणूस वाईट नव्हता. “पण यासाठीच तर तुम्ही कलम करून घेतलंत. आधी सांगितलं असतं तर मी हा कागद आत्ता मिटला असता. हणमंतराव, तुम्ही पूर्वसूचना दिली होती?”

“दिली व्हती.”

“कुणाला?”

“दवाखान्यात.”

इंगवल्यांनी मला पुढं बोलावलं. खुर्चीची पाठ लोखंडी होती, तिच्यावर मी हात टेकला.

“वही तुमच्याकडे असते?”

“व्हय.”

“यांचं नाव आहे त्यात?”

“न्हाई.”

“तोंडी काही सांगितलं होतं? देवळात, वाटेत, कुठंही. तोंडी असलं तरी मी धरीन.”

हे असं म्हणेल कुणी, असं मला वाटलं नव्हतं. इंगवल्यांनी दार इतकं उघडं ठेवलं होतं. मला फक्त ‘व्हय’ म्हणायचं होतं. पण ‘व्हय’ म्हटलं की पुढचा प्रश्न येणार: मग लिहिलं का नाहीत? आणि त्याच्या पुढचा: यंदा मान कुणाचा होता? मॅडम माझ्याकडे बघत होत्या. माझ्या खिशाला नवं ओळखपत्र होतं, ‘सुरक्षा सहायक’ लिहिलेलं, आठ दिवसांचं.

“न्हाई,” मी म्हणालो. “मला काय बोलला न्हाई त्यो.”

मोकाशींनी पेन खाली ठेवलं. नानाकडे वळून कुजबुजले. मग इंगवलेच म्हणाले, “हणमंतराव, तुम्हाला साक्षीदाराला प्रश्न विचारायचा हक्क आहे. विचारा काय ते.”

नाना उठला. मी खाली बघत होतो. मला त्याच्या चपला दिसत होत्या, शिडीवर झटकायचा त्या.

“घरच्या मानसाला काय इचारायचं, साहेब,” तो म्हणाला. “मान घराचा व्हता. मी घेतला. लिवा.”

आणि बसला.

त्याची नोकरी गेली. निवृत्तीला सात वर्षं होती.

महिनाभरानं मोकाशी माझ्या घरी आले. ओट्यावरच बसले, चहा नको म्हणाले. “लेबर कोर्टात हे टिकेल. मला एक वाक्य लागतं फक्त. तुमचं.”

“बघतो,” मी म्हणालो.

“सोपानराव, मी कुणाला सांगत नाही. पण हणमंतनं मला सगळं सांगितलंय. वाटीचं.”

सुलन दारात होती. ती आत गेली. भांडी घासल्याचा आवाज थांबला होता, तो बराच वेळ सुरू झाला नाही.

मी ‘बघतो’ म्हटलं त्याला आठ दिवस झाले, मग पंधरा. मग कळलं, नानानंच कोर्टाचा कागद मागं घेतला. मोकाशींना म्हणाला, भावाला कोर्टाची पायरी चढवायची न्हाई. ज्याचे हात दोन बोटांनी वीस टन हलवायचे तो दूध संकलन केंद्रावर चाळीस लिटरचे कॅन टेम्पोत चढवायला लागला. सकाळी कामावर जाताना बस तिथं थांबायची. मी बसच्या दुसर्‍या बाजूला बसायला लागलो.

भावकी मोडली असती तर बरं झालं असतं. पण नाना तसा नव्हता. सणावाराला ताट यायचं, लग्नकार्यात हाक यायची. पुढची शिवरात्र त्याच्या घरची होती; मी ड्युटी आहे म्हणून देवळात गेलोच नाही. त्याच्या पुढची माझी. तेव्हा जावंच लागलं.

देवळामागं गजरावहिनी आणि सुलन पाट्यावर होत्या. वरवंट्याचा आवाज तेवढा येत होता. मी वाट बघत होतो गाण्याची. मिरे वाटले, पानं वाटली, दूध ओतलं, फडक्यानं गाळलं. गाणं नाही. सुलननं एकदा वहिनीकडे बघितलं, वहिनीनं पदर खोचला आणि पाटा धुतला.

नानाच काशाची वाटी घेऊन आला. दोन वर्षांत वाकला होता थोडा, उजव्या खांद्यानं. माझ्यासमोर उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात म्हणाला,

“औंदा पोट बरं हाय नव्हं?”

तेव्हा मला कळलं की त्याला पायरीवरच कळलं होतं. वाटी तोंडाला लावायच्या आधीच. मी आयुष्यात त्याला कधी पोट दुखल्याचं सोंग करून फसवू शकलो नव्हतो. शाळा चुकवायचो तेव्हाही नाही. तेव्हाही तोच माझ्याऐवजी गुरुजींसमोर उभा राहायचा.

“बरं हाय,” मी म्हणालो.

“मंग घे. सावकाश घे.”

मी नंदीकडे तोंड केलं. भांग गार होती, मिर्‍यानं घसा चरचरला. एका दमात संपेना. डोळ्यांत पाणी आलं तरी वाटी खाली उतरवली नाही, शेवटचा घोट गाळासकट गिळला. माणसांनी हरहर केलं आणि रांग पुढं सरकली.

नानानं माझ्या हातातून वाटी घेतली आणि सदर्‍याच्या खिशातून एक घडी केलेला कागद काढून माझ्या खिशात घातला.

“काय ह्ये?”

“वाच घरी.”

मी तिथंच वाचला, बेलाच्या झाडाआड. वहीचं रेघांचं पान. नाना चौथी शिकलेला. अक्षरं एकेक उचलून ठेवल्यासारखी, मोठी, ओळीच्या खाली उतरलेली. तारीख आदल्या दिवशीची.

‘श्री. सोपान यास मानाप्रमाणे उद्या भांग घ्यावी लागत आहे. आधी सांगत आहे. सात दिवस अवघड काम देऊ नये. त्याची पट्टी धरू नये. त्याचा काही दोष नाही. साक्षीदार, हणमंत, क्रेन खाते.’

‘क्रेन खाते’ लिहून त्यानं ते खोडलं होतं. पण एकाच रेघेनं. वाचता येत होतं.

मागं वळून बघितलं तर तो ओसरीवर पोरींना पळीपळीनं प्रसाद वाटत होता आणि एकीला म्हणत होता, “येवढुसाच घे ग, न्हाईतर सासर्‍याला शिव्या देशील.”

दुसर्‍या दिवशी मी कारखान्यात फोन केला. मॅडमनी विचारलं, काय झालं. वही त्यांच्या टेबलावर असायची; आता ती दुसरा कुणी लिहायचा. नानाची चिठ्ठी माझ्या खिशात होती. नाव सांगायचं, कारण सांगायचं, एवढंच होतं. माझं काहीही जाणार नव्हतं. कलम त्यासाठीच होतं.

मी सात दिवसांची रजा टाकली. अर्जावर कारण लिहिलं: पोटदुखी.